रिले

जयारोग्यच्या वॉर्डात जानेवारीत सगळेच काकडतात,
म्हणून पहिल्या रात्री मला कळलंच नाही.
दादावर मी माझी शाल टाकली, वर कांबळं,
खिडकीच्या फटीत जुना पेपर कोंबला.
धुकं आत येतच राहिलं, कंपूकडच्या हॉर्नांसकट.

दुसऱ्या रात्री तो चादरीवरून मुंग्या वेचू लागला.
एकेक, चिमटीत धरून,
तांदूळ निवडावेत इतक्या नीट.
"डब्यात टाक," म्हणाला. मी हात पुढे केला.

तिसऱ्या रात्री त्याला खाटेला बांधलं.

शेजारी तोमर, पाय मोडून आलेला.
तीस वर्षं रोजची बाटली, मिशीवर हात फिरवून सांगतो.
त्यालाही पाच दिवस थेंब नाही.
थोडा घाम आला, नर्सवर खेकसला,
मग गजक चघळत झोपून गेला.

असं का, विचारलं डॉक्टर कुशवाहांना.
वाटलं होतं, ते मनोबलाबद्दल बोलतील.
आमच्या घरात तोच शब्द वापरतात.
ते म्हणाले, धंदा काय तुमचा?
स्टॅबिलायझर दुरुस्ती. दौलतगंज.
"मग तुम्हाला मी काय शिकवणार!"

दोन नावं सांगितली त्यांनी, गाबा आणि ग्लुटामेट.
जुळ्या पोरांसारखी वाटली मला,
एक निजवणारं, एक उठवणारं.
दारू म्हणजे वर्षानुवर्षं पडलेली लाइन:
पंखा मंद, दिवा मंद, भीती मंद.
मेंदू बिचारा आतून बूस्ट देत राहतो,
एक टॅप वर, अजून एक टॅप वर,
कसंबसं घर उजळ ठेवतो.
आणि एका सकाळी घरातलं कुणीतरी
बाटली मोरीत उपडी करतं.
लाइन झटक्यात पूर्ण येते.
बूस्ट तसाच. रिले सोडतच नाही.

घरातलं कुणीतरी म्हणजे मी.
आईच्या फोटोवर त्याला हात ठेवायला लावून.
चौथ्यांदा.
दर खेपेला आत थोडं अधिक जळतं, म्हणाले.
जळलेल्या कॉन्टॅक्टला मी दुकानात काचपेपर मारतो.
मी काही बोललो नाही.

आणि तोमर?
एकाच लॉटच्या दोन पेट्या, ते म्हणाले,
आणि मला पुढचं त्यांनी सांगायला नकोच होतं.
एखादीचा रिले कारखान्यातूनच चिकट येतो.
फक्त इथे दोष एका जनुकाचा नाही,
पुष्कळ जनुकं, चिमूट-चिमूट वाटा,
रक्त तपासून आधी सांगता येत नाही.
"घरात आणखी कुणाला असं?"

नाही, म्हणालो मी. सवयीनं.
मग जिन्यात आठवला वामनमामा.
ताईच्या लग्नासाठी त्यानं तीन दिवस आधी सोडली होती,
इस्त्रीच्या सदऱ्यात आला होता, दाढी करून.
पंगतीत हातातली वाटी सांडली,
सगळे हसले, मीही.
पहाटे झाशीच्या गाडीत गेला.
चाळीस वर्षं आम्ही सांगत आलो, पिऊन मेला.
तो पिऊन नाही मेला.
सोडून मेला.
आता हे सांगायला मामीही नाही.

आम्ही दोघं एकाच पेल्यातून शिकलो,
मेळ्यात, आकाशपाळण्यामागे,
तो एकोणीस, मी सतरा.
मी सोडली तेव्हा दोन दिवस डोकं दुखलं.
त्या दोन दिवसांच्या जोरावर
पंधरा वर्षं उपदेश केला त्याला.
काय होतं माझ्याजवळ?
न चिकटणारा एक रिले.
तोही फुकट आलेला.

चौथ्या सकाळी इंजेक्शनांनी तो शांत झाला.
पट्टे सोडले. मनगटांवर वळ.
रामसेवकनं चहा आणला, दोन कपात मावेल एवढा.
दादा बराच वेळ माझ्या बंद मुठीकडे बघत राहिला.
"किती झाल्या?"
मी मूठ उघडली,
दिव्याखाली धरली,
बोटानं सरकवत मोजल्या.
बावीस, म्हणालो.